निकालानंतरचं ‘होय’

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

आधी घरच्यांची चौकशी, मग बाकीचं. आईचा डावा कान कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं यंत्र घालते, की उशाखाली ठेवून हरवलं म्हणून सांगते? वहिनींचा गुडघा जिना चढू देतो का? त्यांना म्हणावं, आल्यागेल्यासाठी दर वेळी दारापर्यंत उठू नका. तुम्ही आमदाराची बायको आहात, दाराची कडी नव्हे. तुझ्या थोरल्याचा खोकला गेला का? धाकटीचा पुढचा दात आला का? आणि तुझं पोट? पेपरातल्या फोटोत तुझ्याआधी तेच दिसतं हल्ली. थोडं चालत जा.

मी धडधाकट आहे. पुस्तकबांधणीच्या कारखान्यातल्या खळीच्या वासाने भूक मरते, ती तू इथे होतास तेव्हा मरायची तशीच. भिंगरीचा हात आता दुखत नाही. असलेल्या अंगठा-करंगळीपेक्षा नसलेली तीन बोटंच जास्त खाजतात, असं म्हणते आणि हसते. तुझी भाची कशी आहे ते तुला ठाऊक आहे. रडायची वेळ आली की तिला विनोद सुचतो.

तू पाठवलेला छापील कागद शनिवारी मिळाला. यंत्र-सुरक्षा विधेयक, दुरुस्ती क्रमांक सात, ‘होय’ म्हणणाऱ्या सदस्यांची नावं, आणि त्यात तुझ्या नावाखाली पेनाने मारलेली रेघ. त्या रेघेकडे बघून माझा ऊर भरून आला. जेवायच्या सुट्टीत मी सगळ्यांना वाचून दाखवलं. म्हटलं, ऐका. विधेयक म्हणतं, वीसच्या वर माणसं असतील तर कापायच्या मशीनला दोन मुठी हव्यात. दोन्ही हात दोन मुठींवर असल्याशिवाय पातं खाली येता कामा नये. आणि सातवी दुरुस्ती म्हणत होती, वीसच्या आत असतील तरी हेच. आपण नऊ जण. म्हणजे ही दुरुस्ती नाही तर आपल्या बोटांना कायदा नाही. पुठ्ठेवाले काका म्हणाले, “मग बारा माणसं बसायला आणा की, नुसती बोटं राखायला!” हसलो सगळे. पण मालकांनी दुसरं मशीन आणलंय, पायाने दाबायचं, जुनंच, मुठी नाहीत. त्यावर नवी बाई बसते, दोन मुलांची आई. तपासनीस आला होता. बघून गेला. म्हणाला, वीसच्या आत माझा हात पोचत नाही.

दुरुस्ती पडली, त्याचं वाईट वाटलं. पण पडली तरी तू उभा होतास. भिंगरीचा हात पट्टीत असताना तो मांडीवर घेऊन तू म्हणाला होतास, “मामा आहे ना.” ते तू विसरला नाहीस. भिंगरीने तो कागद मशीनच्या वर चिकटवलाय. सभागृहाचे खंड अजून आपल्याकडेच बांधायला येतात. मी वाचायला शिकले तीही त्यांच्यावरच, तुम्हा लोकांची भाषणं टाचता टाचता. या खंडात तुझं नाव माझ्या सुईखालून जाईल. आणखी काय हवं?

आईला हे पत्र वाचून दाखव.

तुझी ताई


२४ फेब्रुवारी

धाकट्या,

आज तब्येती विचारत नाही. आधी पोटातलं बाहेर काढते.

खंडाचे छापलेले कागद सोमवारी आले. सोळा पानांचा एक फर्मा, असे अठ्ठावीस फर्मे, प्रती चाळीस. मी घड्या लावल्या, क्रम लावला, शिवायला घेतलं. अकरा प्रती शिवून झाल्यावर वाटलं, तुझं पान बघावं. चारशे बारावं. बोटाने नावं मोजली. ‘होय’ चौतीस. ‘नाही’ एकतीस. आणि खाली ठळक अक्षरात, ‘दुरुस्ती नामंजूर.’

मला वाटलं, माझीच चूक. वय झालं, नजर गेली, दुसऱ्याच दिवसाचा फर्मा इथे घुसला. अकराच्या अकरा प्रती मी उसवल्या. दोरा कापला, फर्मे सुटे केले, पानांचे आकडे पुन्हा जुळवले. पुन्हा चौतीस, एकतीस, नामंजूर. बत्तीस वर्षांत माझं पान कधी मागेपुढे झालं नाही, आणि आता नेमकं भावाच्या नावाचंच झालं, म्हणून मी मालकांपुढे मान खाली घालून उभी राहिले.

दुपारी सभागृहातले कारकून आले, ते बारीक आवाजाचे, चष्मा दोरीने गळ्यात बांधणारे. मी म्हटलं, “साहेब, माझ्याकडून घोळ झालाय.” त्यांनी पान बघितलं.

“अहो ताई, उसवलंत कशाला? बरोबर आहे हे.”

“चौतीस मोठे की एकतीस?”

“चौतीस.”

“मग पडली कशी?”

“मोजणी झाली तेव्हा होय एकोणतीसच होते. घंटा पाच मिनिटं वाजते. दारं बंद होतात. आत असतील ते बटणं दाबतात. निकाल लागतो. त्यानंतर कामकाज संपेपर्यंत कोणाही सदस्याला चिठ्ठी देता येते, की माझं मत असं धरा. कायमच्या नोंदीत ते नाव जातं. निकाल मात्र हलत नाही.”

“म्हणजे वरातीमागून घोडं?”

“घोडं नाही हो ताई,” ते म्हणाले, “फोटो. वरात गेल्यावर घोड्यावर बसून काढलेला फोटो.”

आणि त्यांनी हसत हसत पिशवीतून त्या दिवसाचं रोजचं पत्रक काढून दिलं. निकालानंतर तासाभरात निघतं ते, कच्चं, कोणाच्या चिठ्ठ्या यायच्या आधीचं. त्यात ‘अनुपस्थित’ अशी एक ओळ असते. पाच नावं. तिसरं तुझं.

धाकट्या, मला वाचता येतं याचं पहिल्यांदाच वाईट वाटलं.

मला शिसारी आली. कुजलेल्या खळीच्या डब्याचं झाकण उघडल्यावर येते तशी. तू ‘नाही’ म्हणाला असतास तर मी भांडले असते, शिव्या घातल्या असत्या, चार महिने बोलले नसते, आणि मग वहिनींच्या गुडघ्याचं निमित्त काढून बोलले असते. पण हे काय? तू आत नव्हतास. मग आत आलास, आणि पेनाने रेघ मारून मला पाठवलंस! चोर तो चोर वर शिरजोर हे मी ऐकलं होतं, पण चोर चोरीची पावती बहिणीला टपालाने पाठवतो, हे नवीनच.

पाच जण होतात. एकोणतीस आणि तीन बत्तीस. तिघं पुरले असते.

भिंगरीला मी अजून सांगितलेलं नाही. कागद मशीनच्या वर तसाच आहे. आईला हे पत्र वाचून दाखवू नकोस.

ताई


११ मार्च

धाकट्या,

तुझं उत्तर मिळालं. म्हणजे तुझ्या सचिवाचं मिळालं. टाईप केलेलं, खाली तुझ्या सहीचा शिक्का. ‘आदरणीय ताई’ असं वर. तू मला आयुष्यात कधी आदरणीय म्हटलं नव्हतंस, ‘ताई गं’ म्हणायचास. आदर आला तेव्हाच कळलं, माया गेली.

तू लिहितोस, नियमात बसतं. बसत असेल. गाढवही खुर्चीत बसतं, कोणी बसवलं तर. तू लिहितोस, सगळ्याच बाजूंचे लोक करतात. तेही मी बघितलं. मागचे नऊ खंड कपाटात आहेत, दर खंडाची एक प्रत मालक नमुना म्हणून ठेवतात. रविवारी बसून मोजले. आठवड्यातून एकदा तरी आहेच. शाळेच्या छपराचं विधेयक, नदीत सोडलेल्या पाण्याचं, दवाखान्यातल्या आयांच्या सुट्टीचं. लोकांना हवं ते पडतं, आणि ते पाडणाऱ्यांच्या नावापुढे ‘होय’ असतं. गावभर दाखवायला. बत्तीस वर्षं मी हे असलं शिवत होते, आणि वर सोनेरी अक्षरं ठोकत होते.

तू लिहितोस, पक्षाच्या नेत्यांनी तुम्हा पाच जणांना चहाच्या खोलीत बसवलं, घंटा थांबेपर्यंत उठू नका म्हणाले, छोट्या कारखानदारांना तसा शब्द दिला होता. आणि, ‘माझ्या एका मताने काय झालं असतं?’ तीच गोष्ट त्या खोलीत पाचही जण म्हणत असतील. पाच कप, पाच बशा, आणि प्रत्येकाचं एकेकच मत.

आता माझं ऐक. हे मी दोन वर्षं कोणाला सांगितलं नाही. तुला अर्धं माहीत आहे, आणि तू ते कधी विचारलं नाहीस, म्हणून मी तुला चांगला समजत होते.

भिंगरीची बोटं गेली त्या दिवशी कापायच्या मशीनवर माझी पाळी होती. सकाळी मी हजेरीपुस्तकात सही केली आणि मागच्या दाराने निघून गेले. कुठे, ते तुला ठाऊक आहे. तुझ्या प्रचाराची पत्रकं वाटायला. तूच म्हणाला होतास, “ताई गं, बाजारातल्या बायका तुझं ऐकतात, दोन तास ये.” भिंगरीचं काम शिवणीचं होतं. माझ्या सांगण्यावरून ती माझ्या जागेवर बसली, कोणाला कळू नये म्हणून. मी परत आले तेव्हा फरशी पुसून झाली होती.

अपघाताच्या कागदावर मालकांनी लिहिलं, ‘नेमलेली कामगार हजर असताना दुसरीने परवानगीशिवाय मशीन चालवलं.’ माझी सही होती ना हजेरीत. मी हजर होते! दोष पोरीचा ठरला, मशीनचा नाही. तपासनिसाने तेच वाचून फाईल बंद केली. मी गप्प बसले. नोकरी जाईल, तुझ्या निवडणुकीत बोभाटा होईल, आणखी किती कारणं होती. भिंगरीने आजवर एका शब्दाने मला बोल लावला नाही.

तेव्हा शिसारी येते ती तुझी एकट्याची नाही. सही एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, हे मला चांगलं ओळखता येतं. आपण दोघं एकाच पुठ्ठ्याचे कापलेले आहोत.

दोन एप्रिलला विधेयक शेवटच्या वाचनाला येतंय, आणि सातवी दुरुस्ती पुन्हा मांडणार आहेत, असं कारकून म्हणाले. त्यांच्याकडून दोन पास घेतलेत. भिंगरीलाही आता सगळं सांगितलंय. मी आणि ती वर सज्जात बसू. ‘होय’च म्हण, असं मी म्हणणार नाही. घंटा वाजेल तेव्हा खुर्चीत बस. तेवढंच मागते. तू काय आहेस ते मला उघड्या डोळ्यांनी बघू दे.

ताई


४ एप्रिल

धाकट्या,

तू वर बघितलंस. मी बघितलं की तू बघितलंस.

सज्जातल्या शिपायाने सांगितलं, “बाई, कठड्यावर हात ठेवायचा नाही.” भिंगरी म्हणाली, “कुठला? हा तर पुरता हात नाहीच.” बिचारा ओशाळला आणि त्याने आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं.

केवढी थंडगार खोली रे ती. गालिचा इतका जाड, की कोणाचं पाऊल वाजत नाही. म्हणूनच का? कोण कधी गेला, कोण आला, कळतच नाही. एक जण दुरुस्तीवर बोलत होते, चांगलं बोलत होते, बोटं कापली जातात तेव्हा काय होतं ते सांगत होते, आणि समोरचे दोघे एकमेकांना फोनमध्ये काहीतरी दाखवून खिदळत होते. एक नाक कोरत होते. भिंगरी माझ्या कानात म्हणाली, “आई, त्यांची सगळी बोटं शाबूत आहेत बघ.”

मग घंटा लागली. गुरांसारखी माणसं आत येऊ लागली. तुझी खुर्ची रिकामी. चार मिनिटं झाली. दार लोटता लोटता तू आलास, तोंड पुसत. तुझ्या नेत्यांनी मान मागे वळवून तुझ्याकडे बघितलं आणि मांडीवर एक बोट उभं केलं. एक कमी पडत होतं वाटतं. तू बसलास. वर बघितलंस. मग खाली.

फळ्यावर तुझ्या नावापुढे लाल दिवा.

तीस होय, एकतीस नाही. तू हिरवं दाबलं असतंस तर? तो हिशोब मी करत बसत नाही. तो तुझा तू कर. आता तरी म्हणू नकोस, माझ्या एका मताने काय होतं.

“मामाचा लाल लागला?” भिंगरीने विचारलं.

“हो.”

“बरं झालं. निदान दिसला तरी.”

तुला खरं वाटणार नाही, पण घरी येऊन मी पोटभर जेवले. म्हटलं, माझा भाऊ वाईट आहे, पण आहे. चहाच्या खोलीतून बाहेर आला, खुर्चीत बसला, माझ्या डोळ्यांदेखत नाही म्हणाला. अशाशी भांडता येतं. तुझ्याशी भांडायला मी चार चांगल्या शिव्याही जमवून ठेवल्या होत्या.

काल दुपारी कारकून आले. माझ्याकडे न बघता चष्मा पुसत बसले. मी विचारलं, “काय झालं?” म्हणाले, “ताई, मी सांगितलं असं सांगू नका.”

तू चिठ्ठी दिलीस. सज्जा रिकामा झाल्यावर. ‘नजरचुकीने लाल बटण दाबलं गेलं, माझं मत होय धरावं.’ कायमच्या खंडात तू होय आहेस. निकाल अर्थातच हलत नाही. ते खंडही आमच्याकडेच शिवायला येणार.

धाकट्या, यापुढे काय लिहू?

ताई


२९ एप्रिल

चि. धाकट्यास,

आज सगळ्यांची चौकशी करते, कारण आज मला राग नाही. म्हणजे आहे, पण बसला आहे, गाळ बसतो तसा.

आईचा कान? वहिनींचा गुडघा? थोरल्याचा खोकला? धाकटीचा दात आता पुरता आला असेल, तिला म्हणावं आत्याला चावा काढून दाखव. आणि तुझं पोट? ते विचारलंच पाहिजे, कारण जे जे तू आत ठेवलंयस ते तिथेच असणार.

पाच तारखेला मी मालकांकडे गेले. हजेरीपुस्तक मागितलं, दोन वर्षांपूर्वीचं पान काढलं आणि म्हटलं, “ही सही माझी आहे, पण मी नव्हते. पोर माझ्या जागेवर होती, माझ्या सांगण्यावरून. मला हे लिहून द्यायचंय.”

मालक म्हणाले, “ताई, दोन वर्षांनी? आता काय उपयोग? बोटं उगवणार आहेत का?”

म्हटलं, “नाही. पण अपघाताच्या कागदावर दोषापुढे पोरीच्या जागी मशीनचं नाव लागेल.”

तपासनिसाच्या कचेरीत जाऊन मी माझ्या अक्षरात लिहून दिलं. फाईल पुन्हा उघडली. काय होईल, माहीत नाही. मुठी लागतील, नाही लागतील. माझी चिठ्ठीही तुझ्यासारखी निकालानंतरचीच. एवढाच फरक, की तुझ्या चिठ्ठीने तुझं नाव सुधारलं, माझ्या चिठ्ठीने माझं गेलं. खोटी हजेरी लावली म्हणून महिनाअखेर माझी सुट्टी. बत्तीस वर्षं झाली. भिंगरी म्हणाली, “आई, आता तू खरीखुरी गैरहजर.” आणि मग तिला विनोद सुचला नाही. पहिल्यांदाच. बराच वेळ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली.

मशीनवरचा तुझा कागद तिने स्वतः काढला. फाडला नाही. घडी घालून मला दिला.

तुझ्या सचिवाने कळवलं होतं, की तुला या अधिवेशनाच्या खंडाची खास प्रत हवी आहे, कातडी पुठ्ठ्याची, पाठीवर तुझं नाव सोनेरी अक्षरात, दिवाणखान्यात ठेवायला. ती या पत्रासोबत पाठवते. माझ्या हातचं शेवटचं काम. चांगलं झालंय. अक्षरं सरळ आहेत, शिवण घट्ट आहे.

त्यात मी एक पान जास्त घातलंय. दोन एप्रिलचं रोजचं पत्रक, तुझ्या चिठ्ठीच्या आधीचं, ज्यात तू ‘नाही’त आहेस. ते कायमच्या यादीसमोर येतं. नुसतं डकवलेलं नाही. त्या पत्रकाला आणि तुझ्या ‘होय’च्या पानाला मागून एक पट्टी लावून मी दोघांची एकच घडी केली, आणि त्या घडीतून दोरा घेतला. तू चार वर्षं या कामावर होतास, तुझ्या अंगठ्यावर अजून त्या पात्याची खूण आहे, तेव्हा तुला सांगायला नको. घडीतलं एक पान ओढून काढलं, की त्याच्या जोडीचंही सुटतं. ठेवायचं तर दोन्ही ठेव. काढायचं तर दोन्ही जातील.

हे पत्र आईला वाचून दाखव. पहिल्यापासून सगळी दाखव. मोठ्याने वाच, तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, आणि मधली ओळ गाळलीस तर तिला लगेच कळतं, लहानपणापासून कळतं.

आणि मग मला लिही. सचिवाकडून नको, शिक्का नको. चहाच्या खोलीत त्या पहिल्या दिवशी घंटा ऐकू येत होती का, एवढंच लिही, तुझ्या अक्षरात. चुकलं तर खोड, पण तोच कागद पाठव. एक तारखेपासून मी घरीच असेन, टपालवाल्याची वाट बघायला मला आता भरपूर वेळ आहे. फार बघायला लावू नकोस.

तुझी
ताई